संडासात बिडी ओढणाऱ्या आजोबांचे काय करावे?

आपला प्रश्न मी असा समजले आहे. आपल्या ३० खाटांच्या शुश्रूषा केंद्रात ७४ वर्षांचे एक आजोबा राहतात. त्यांना मधुमेह जुना आहे, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेल्यामुळे उजवा हात थोडा कमजोर आहे, पण बोलणे आणि स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत आहे. ते तरुणपणापासून बिडी ओढतात. संस्थेत धूम्रपानाला पूर्ण बंदी असूनही गेल्या महिन्यात पुरुषांच्या संडासात दोनदा जळकी काडी आणि थोटूक सापडले, आणि त्या संडासाला लागून असलेल्या खोलीत एका रुग्णाला दिवसरात्र ऑक्सिजन सुरू असतो. विश्वस्तांचे म्हणणे आहे की आजोबांना घरी पाठवावे, मुलाचे म्हणणे आहे की या वयात त्यांची सवय मोडू नये, आणि बंदी अधिक कडक करावी की परवानगी द्यावी, असा आपला प्रश्न आहे.

मी परिचारिका आहे आणि गेली २२ वर्षे वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेतच काम करते आहे. माझ्या अनुभवावरून मला हा प्रश्न थोडा वेगळा दिसतो. आपली बंदी कागदावर आहे, पण आजोबा बिडी ओढतच आहेत. तो विस्तव इमारतीत कुठे आणि कधी पेटतो हे तेवढे आपल्या कर्मचाऱ्यांना माहीत नाही. त्यामुळे पहिले काम आहे ते हा विस्तव कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर आणण्याचे. परवानगीचा, सवय सोडवण्याचा आणि घरी पाठवण्याचा विचार त्यानंतर करता येतो.

मी हे इतक्या आग्रहाने सांगते, याला कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत होते तिथे मीही अशीच सरसकट बंदी घातली होती. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका तिथे होते. दोन महिने काहीही सापडले नाही, तेव्हा त्यांनी बिडी सोडली असेच मी समजत होते. मग एका सकाळी चादरी बदलणाऱ्या मावशींनी मला त्यांच्या खाटेजवळ नेले आणि मच्छरदाणीचा कोपरा उलटून दाखवला. नायलॉनच्या जाळीला वाटाण्याएवढी तीन भोके पडली होती, त्यांच्या कडा वितळून काळ्या मण्यांसारख्या कडक झाल्या होत्या, आणि गादीच्या शिवणीत बिडीचा अर्धवट जळालेला तुकडा अडकलेला होता. काका रात्री दोनच्या सुमारास मच्छरदाणीच्या आत, पांघरुणात वाकून बिडी ओढत होते, कारण सिस्टरची नजर पोचत नाही अशी तेवढी एकच जागा त्यांना उरली होती. त्या मजल्यावर तेव्हा १४ रुग्ण झोपत होते आणि त्यांतले नऊ जण आधाराशिवाय जिना उतरू शकत नव्हते. ती मच्छरदाणी हातात घेऊन मी उभी होते तो क्षण आजही मला स्पष्ट आठवतो, आणि त्यानंतर मी कोणत्याही संस्थेत केवळ बंदीच्या फलकावर विसंबले नाही.

आपल्याकडे या विषयाची तयारी कमी असते, याचे एक साधे कारण आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, परंतु त्यांतला मोठा हिस्सा तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा अशा धूरविरहित प्रकारांचा होता. बिडी किंवा सिगारेट ओढणारे ३.८ टक्केच होते. म्हणजे ३० खाटांच्या संस्थेत ओढणारे एक-दोघेच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी लेखी पद्धत ठरवण्याची गरज कोणाला भासत नाही, आणि प्रत्येक पाळीची सिस्टर आपापल्या स्वभावाप्रमाणे वागते. एक ओरडते, दुसरी काणाडोळा करते, तिसरी दया येऊन स्वतःच काडी देते.

कायद्याचे आधी सांगते, म्हणजे विश्वस्तांशी बोलताना आपली बाजू पक्की राहील. सिगारेट आणि अन्य तंबाखू उत्पादनांविषयीच्या २००३ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. त्यात रुग्णालयाच्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची ठिकाणेही त्यात आणली आहेत. वेगळी धूम्रपान-खोली ठेवण्याची सवलत मोठी हॉटेले, मोठी उपाहारगृहे आणि विमानतळ यांच्यापुरतीच आहे. तेव्हा आपल्या इमारतीच्या आत, एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत किंवा जिन्याखाली, "इथे ओढा" अशी सोय करता येत नाही, आणि मनाई असलेल्या जागी राखदाणी किंवा काडेपेटी उपलब्ध करून देणे हाही नियमभंग ठरतो. मोकळी जागा मात्र या कायद्यातील सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून वगळलेली आहे, पण लोकांची ये-जा असलेल्या मोकळ्या जागांना २००८ च्या नियमांप्रमाणे ही सवलत नाही. त्यामुळे बाहेरच्या लोकांची ये-जा नसलेले अंगण, परस किंवा उघडा कट्टा एवढाच विचार करावा. आपली संस्था शुश्रूषागृह म्हणून नोंदणीकृत आहे की वृद्धाश्रम म्हणून चालते, जागा स्वतःची आहे की सोसायटीची, यावर काही गोष्टी अवलंबून राहतील. म्हणून ठराव करण्यापूर्वी वकिलांचा लेखी अभिप्राय फाइलला लावून ठेवावा.

आता आजोबांकडे येऊ. थोटके संडासातच का सापडतात, असे आपण त्यांना विचारले आहे का? माझा अंदाज आहे की वेळ पहाटेची असणार. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या बिडीवाल्यांची अशी ठाम समजूत असते की सकाळची पहिली बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, आणि तिच्यात तथ्यही आहे, कारण निकोटिनामुळे आतड्यांची हालचाल वाढते आणि ते एकदम बंद झाले की बद्धकोष्ठ होते. ज्या माणसाला आधीच झटक्यामुळे आणि कमी हालचालीमुळे पोटाचा त्रास आहे, त्याला ती पहिली बिडी औषधासारखी वाटते. हे लक्षात आल्यावर मी एका रुग्णासाठी पहाटे सहाला कोमट पाणी, मग अंगणात एक बिडी आणि मग संडास असा क्रम लावून दिला, सोबत डॉक्टरांकडून रेचकाची मात्रा नीट करून घेतली, आणि त्यांची संडासातली बिडी त्या आठवड्यातच थांबली.

परवानगी देण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि ती खुर्चीत बसून प्रश्न विचारण्याने पुरी होत नाही. मी स्वतः शेजारी बसून त्यांना एक बिडी पूर्ण ओढताना पाहते. काडी पेटवताना हात थरथरतो का, काडी विझवून मग खाली ठेवतात की तशीच टाकतात, राख कुठे झाडतात, मध्येच डुलकी लागते का, ठिणगी मांडीवर पडली तर लक्षात येते का, आणि लक्षात आल्यावर ती झटकता येते का, हे सगळे त्या पाच मिनिटांत दिसते. बिडीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण बिडी झुरके घेत राहिले नाही तर विझते आणि पुन्हा पेटवावी लागते. एका बिडीला तीन-तीन काड्या लागतात, आणि प्रत्येक काडी हा नवा धोका असतो. शिवाय ती आखूड असते आणि शेवटपर्यंत ओढण्याची सवय असते.

म्हणून आजोबांच्या बोटांकडे नीट पाहा. जुन्या मधुमेहात हातापायांची संवेदना कमी झालेली असू शकते. माझ्याकडच्या एका रुग्णाच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आतल्या बाजूला समोरासमोर दोन तपकिरी, चामड्यासारखे घट्ट डाग होते. आम्ही ते तंबाखूचे डाग समजत होतो, पण ड्रेसिंगच्या वेळी ओल्या कापसाने पुसल्यावर त्यांतल्या एकाखाली ताजा भाजल्याचा फोड निघाला. त्यांना तो कधी भाजला हे सांगताच आले नाही. आपल्या आजोबांचा उजवा हात कमजोर आहे, तेव्हा ते बिडी कोणत्या हातात धरतात आणि कोणत्या हाताने झटकू शकतात, हे मुद्दाम नोंदवा.

या तपासणीनंतर मी तीनपैकी एक निर्णय लिहिते: कर्मचारी नजरेच्या टप्प्यात असताना ओढू शकतात, कर्मचारी शेजारी बसलेला असतानाच ओढू शकतात, किंवा ओढू देणे सुरक्षित नाही. एकट्याने, कोणाचेही लक्ष नसताना ओढण्याची परवानगी मी शुश्रूषा लागणाऱ्या कोणालाही देत नाही. आपल्या वर्णनावरून आजोबा दुसऱ्या गटात बसतील असे मला वाटते, पण ते प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे. हा निर्णय कायमचा नसतो. तीन महिन्यांनी, आणि त्याआधीही पडणे, ताप, रुग्णालयातून परत येणे किंवा झोपेचे, वेदनेचे, मनोविकाराचे औषध बदलणे यांपैकी काहीही झाले की तपासणी पुन्हा करावी लागते. रात्रीची झोपेची गोळी दिल्यानंतर बिडी द्यायची नाही, हा नियम आमच्याकडे औषधाच्या तक्त्यावरच लिहिलेला असतो, म्हणजे नवीन सिस्टरलाही तो चुकवता येत नाही.

ऑक्सिजनबद्दल मी कोणतीही तडजोड करत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो भरपूर असेल तिथे एरवी नुसती धुमसणारी चादर भडकून पेटते. ज्या खोलीत कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) किंवा सिलिंडर आहे तिथे काडी, उदबत्ती, निरांजन, कापूर यांपैकी काहीही नेऊ नये. देवपूजेच्या बाबतीत आपण ही गोष्ट विसरतो. ऑक्सिजन घेणारी व्यक्तीच धूम्रपान करत असेल, तर नळी काढून ठेवली म्हणजे भागले असे नाही, कारण ऑक्सिजन कपड्यांत, केसांत आणि पांघरुणात काही वेळ साठून राहतो. अशा रुग्णाला मी परवानगी देत नाही आणि डॉक्टरांच्या मदतीने बिडीऐवजी निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगगम सुरू करते. आपल्या इमारतीत संडासाच्या शेजारचा ऑक्सिजनवरचा रुग्ण दुसऱ्या खोलीत हलवता येत असेल तर तो उद्याच हलवावा. आजोबांच्या बाबतीत काय ठरते याची त्यासाठी वाट पाहू नये.

तेलाचाही असाच विसर पडतो. कोरड्या त्वचेला लावायची पॅराफिनयुक्त मलमे कपड्यांत मुरली की ते कापड लवकर आणि जोरात पेटते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये पॅराफिन असलेल्या आणि नसलेल्याही सर्व मऊ करणाऱ्या मलमांसाठी असा इशारा दिला आहे, आणि तो साध्या धुण्याने मलम पूर्ण निघत नाही हे गृहीत धरून दिलेला आहे. आपल्याकडे मलमाच्या जोडीला खोबरेल आणि तिळाचे तेल असते. सकाळी मालिश झालेली व्यक्ती तेच बंडी-धोतर नेसून बिडी ओढायला बसली, तर ते तेलकट कापड थेट ठिणगीखाली येते. म्हणून आमच्याकडे आधी बिडी, मग मालिश आणि अंघोळ असा क्रम आहे. हाताला सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळेपर्यंत काडी पेटवायची नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात त्या हवेच्या गादीवर तर विस्तव कधीच नेऊ नये, कारण ती फुटली की आतली हवा आगीला फुंकर घालत राहते.

जागेसाठी फार खर्च लागत नाही. खिडक्यांपासून आणि ऑक्सिजनच्या खोलीपासून दूर, वर छप्पर पण बाजूंनी उघडा असा सिमेंटचा कट्टा असावा. प्लास्टिकची खुर्ची, काथ्याची पायपुसणी आणि वाळका पाला तिथे नको. पत्र्याच्या डब्यात अर्ध्यापर्यंत वाळू आणि वर थोडे पाणी, एवढीच राखदाणी पुरते. थोटके झाडाच्या कुंडीत खुपसू देऊ नका, कारण कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) कुंडी आतून तासन्‌तास धुमसत राहते, आणि डबा कचऱ्याच्या पिशवीत ओतायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळीच. अंगावर सुती कपडे असावेत, थंडीत ॲक्रिलिकची शाल काढून सुती किंवा लोकरी पांघरूण द्यावे. आगरोधक ॲप्रन आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डर वापरतात तो चामड्याचा ॲप्रन आणला; तो मांडीवर पसरला की पडलेली ठिणगी त्यावरच विझते. पहिल्या दिवशी एका काकांना तो घालायला संकोच वाटला, तेव्हा मी त्यांना त्यावर पडलेला जुना डाग दाखवला आणि हाच डाग मांडीवर पडला असता हे सांगितले. मग त्यांनी कधी नकार दिला नाही. बादलीभर पाणी आणि जाड सुती चादर हाताशी ठेवावी, आणि कपडे पेटले तर व्यक्तीला आडवे करून ज्वाळा विझवणे व भाजलेल्या जागेवर २० मिनिटे वाहते गार पाणी धरणे हे प्रत्येक मावशीला आणि मामाला करून दाखवलेले असावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्या तपासणीच्या दिवशीच हा सराव घेतला तर तो राहून जात नाही.

बिड्या आणि काडेपेटी सिस्टरच्या कपाटात कुलपात राहतील, आजोबांच्या नावाच्या डब्यात. काडी कर्मचाऱ्याने पेटवून द्यावी आणि स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावे. ज्यांना दमा आहे किंवा जी गरोदर आहे त्यांना हे काम देऊ नये. वेळा ठरलेल्या असाव्यात, उदाहरणार्थ पहाटे, दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळच्या चहानंतर, आणि त्या पाळणे ही आपली जबाबदारी आहे. ठरलेली बिडी अर्धा तास उशिरा मिळाली की रुग्ण पुन्हा लपवायला लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. "अंघोळ केली तरच बिडी", "आरडाओरडा केला म्हणून आज बिडी बंद" असे आपल्या संस्थेत कोणीही कधीही म्हणू नये. ज्या माणसाचे घर, व्यवसाय आणि चालणे-फिरणे सुटले आहे, त्याच्या शेवटच्या काही इच्छांपैकी एक आपल्या कपाटात कुलूपबंद आहे. तिचा वापर त्याला नमवण्यासाठी करणे हा छळ आहे, आणि मी अशा वागण्याला रजिस्टरमध्ये तसेच नोंदवते.

मुलाला बोलावून त्याच्याशी आजोबांच्या समक्ष बोला. भेटीला येताना खिशातून बंडल आणि काडेपेटी देणारे नातेवाईक प्रेमापोटीच तसे करतात, पण आपली सगळी व्यवस्था तिथेच फुटते. आणलेले बंडल सिस्टरकडे जमा होईल, असे लेखी मान्य करून घ्या. "मग विस्तव नको म्हणून तंबाखू-चुना देऊ" असे घरचे सुचवतात, त्याला मी तयार होत नाही; तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच, शिवाय झटका येऊन गेलेल्या माणसाला गिळताना ठसका लागू शकतो. परदेशातून कोणी ई-सिगारेट आणून देऊ पाहील तर तिच्या आयातीला, विक्रीला आणि साठवणुकीला २०१९ पासून देशात कायद्याने बंदी आहे.

सोडवण्याचा प्रयत्न करावा का? अवश्य करावा, पण आजोबांच्या संमतीने आणि डॉक्टरांना सांगून. वय झाले म्हणून उपयोग नाही हे खरे नाही. झटका येऊन गेलेल्या माणसाने ओढणे सोडले तर पुढच्या झटक्याचा धोका कमी होतो. निकोटिनचे च्युइंगगम कवळी असलेल्यांना चावता येत नाही, तिथे त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी बरी पडते. मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे, आणि स्पीकरवर लावून आजोबांनाच बोलू द्यावे. एक वैद्यकीय बाब मात्र विसरू नका. धुरातील घटकांमुळे यकृत काही औषधे लवकर संपवते, त्यामुळे ओढणे एकदम थांबले की दम्यावरचे थिओफिलिन, मनोविकारावरची ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी त्याच मात्रेत वाढू शकते. दाखल होताच बंदीत सापडलेला एखादा रुग्ण आठवड्याभरात गुंगीत राहू लागला किंवा त्याची छाती धडधडू लागली, तर हे कारण डॉक्टरांच्या कानावर घालावे. निकोटिनची पट्टी लावल्याने हा परिणाम टळत नाही, कारण तो निकोटिनाचा नसून धुराचा असतो.

घरी पाठवण्याबद्दल माझे मत असे आहे. आजोबांना व्यवस्था समजावून सांगितल्यावर, ती आपण नीट पाळल्यावर, आणि तरीही ते खोलीत लपून काडी पेटवत राहिले तर इतर २९ जणांच्या जिवासाठी दुसरी जागा शोधावी लागेल, आणि ते मुलाला आजच स्पष्ट सांगून ठेवावे. तिथपर्यंत जाण्याची वेळ माझ्यावर २२ वर्षांत दोनदाच आली, आणि त्या दोघांनाही विस्मृतीचा आजार होता. नुकतीच बिडी ओढली हेच त्यांच्या लक्षात राहत नसे.

या आठवड्यात एवढे करा: ऑक्सिजनचा रुग्ण हलवा, आजोबांची गादी, उशी, कपाट आणि संडासातील टाकीचे झाकण त्यांना विश्वासात घेऊन, त्यांच्या समोर तपासा, आणि सापडेल ते न रागावता कपाटातल्या त्यांच्या नावाच्या डब्यात ठेवा. मग पहाटे सहाच्या ड्युटीवर कोण असते ते पाहा आणि त्या व्यक्तीला दोन दिवस आधी सांगून ठेवा की कोमट पाण्याचा पेला घेऊन तिला आजोबांसोबत कट्ट्यावर दहा मिनिटे बसायचे आहे.